गाडीचा वज्रलेप

१९ फेब्रुवारी २००४, गुरुवार

काल महाशिवरात्र झाली आणि मी औंढ्याला गेलो नाही. गाडी दारात होती, टाकी भरलेली होती, तरी घरीच बसलो. उपास केला, नागनाथाचं नाव घेतलं, आणि मधून मधून अंगणात जाऊन गाडीवरची धूळ झटकली. यातलं देवापर्यंत काय पोचलं ते त्यालाच माहीत.

बायकोला, सत्यभामेला, म्हणालो, यात्रेत गर्दी फार, गाडी लावायला जागा मिळत नाही. ते खोटं नाही, पण खरं कारण तेही नाही. खरं कारण कुंकू आहे. गाडीची पूजा म्हटली की गुरुजी बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढतात, वर हळदीची बोटं ओढतात. आमची गाडी पांढरी आहे. माझा चुलतभाऊ हनुमान आमच्या गोरेगावाहून हिंगोलीला प्रवासी जीप चालवतो. त्याच्या जीपवर दसऱ्याचं स्वस्तिक होतं. ते धुऊन धुऊन गेलं, पण त्याची गुलाबी सावली अजून तशीच आहे.

अडचण अशी की सत्यभामेनं नवस बोललेला आहे. तिचा गुडघा दुखतो. जीपच्या उंच पायरीवर चढताना ती ओठ दाबून धरते. ते पाहूनच मी गाडी घ्यायचं मनावर घेतलं. तेव्हा ती देवापुढे म्हणाली, गाडी दारात आली की आधी नागनाथाच्या दारी तिला कुंकू लागेल, मगच मी तिच्यात पाय ठेवीन.

गाडी दिवाळीत आली. मी रोज तिच्यातून सेनगावला आमच्या गुरांच्या सरकी-ढेपेच्या दुकानात जातो-येतो. ती अजून एकदाही बसलेली नाही.

मी पूजेला नाही म्हणत नाही. आधी रंगाला काही संरक्षण मिळावं, एवढंच.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सत्यभामेला हिंगोलीच्या डॉक्टरांना गुडघा दाखवायचा होता. ती हनुमानच्या जीपमध्ये बसली आणि मी मागून गाडीत. तिचं एक कोपर बाहेर, मांडीवर कुणाचं तरी लेकरू, पायाशी कुणाची तरी कोंबडी. माझ्या गाडीत मी एकटा. सीटांवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नाही.

सेनगावला जीप थांबली तेव्हा हनुमान माझ्या खिडकीशी आला.

“दादा, असं करा. वहिनी माझ्याकडं राहू द्या, तिच्या पिशव्या तुमच्या गाडीत ठेवा. पिशव्यांनी काही नवस केला न्हाई ना?”

“तू जीप चालव.”

“चालवूनच राहिलो की. तुमीच मागं मागं येऊन राहिले वरातीवानी.”

डॉक्टर म्हणाले, जीपची चढ-उतर बंद करा. घरी गाडी आहे ना?

“हाय की,” सत्यभामा म्हणाली. “पांघरूण घालून ठेवली हाय.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे पाहिलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी शेळ्या राखणाऱ्या जळबाची एक शेळी बोनेटवर उभी होती. उतरवली. जळबा म्हणाला, “मालक, शेळीला उंचावर बरं वाटतं.”

मलाही बरं वाटतं. पण मी कुणाच्या बोनेटवर चढत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हिंगोलीला हरिचंदचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. सीट कव्हर, आरसे, हॉर्न, प्लास्टिकची लिंबू-मिरची असं सगळं टांगलेलं असतं. त्याला म्हणालो, रंगाला जपायचं काही दाखव.

त्यानं एक चपटा डबा आणि एक बाटली समोर ठेवली. डब्यात मेणाचं पॉलिश, बाटलीत सीलंट.

“मेण चमकतं लई,” तो म्हणाला, “पण आपल्या इकडच्या उन्हात टिकत न्हाई. चैत्र लागला की घाम फुटल्यावानी निघून जातं. शोकेसमध्ये ठेवायची गाडी असती तर मी तुमाला मेणच देलं असतं. तुमची रोजची चालणारी हाय. तुमाला सीलंट पाहिजे.”

“ते काय करतं?”

“रंगावर पातळ थर बसतो, काचेवानी. दिसत न्हाई, पण असतो.”

दिसत नाही पण असतो, हे ऐकून मला बरं वाटलं. अशा गोष्टींवर विश्वास ठेवायची मला लहानपणापासून सवय आहे.

“आणि त्यावर कुंकू लागलं तर?”

“कुंकू कोन लावून राहिलं?”

“गुरुजी.”

“अण्णा, ह्याच्यावर डांबर राहात न्हाई, झाडाचा चीक राहात न्हाई, चिमनीची घाण राहात न्हाई. कुंकवाचं काय घेऊन बसले.”

“शेळीचे खूर?”

त्यानं बाटली उलटसुलट करून वाचली. “शेळीचं लिहिलेलं न्हाई.”

त्याच्याकडे तिसरी एक ट्यूब होती, तिच्यात मेण आणि सीलंट दोन्ही आहे म्हणे. मला ठरवता आलं नाही, म्हणून तिन्ही घेतली. परत येताना विचार करत होतो. देवळातल्या मूर्तीची झीज होऊ नये म्हणून वज्रलेप करतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की मूर्तीचे फार लाड चाललेत. गाडीचंही तसंच धरायला हरकत नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ढेपेचा सौदा करायला नांदेडला गेलो होतो. परत येताना वारंगा फाट्याला ग्यानबाच्या भंगाराच्या दुकानाशी थांबलो. मनात आलं होतं की लेप सरळ गाडीवर लावण्याआधी कशावर तरी करून पाहावा. त्याच्याकडे पांढऱ्या गाडीचं एक सुटं दार होतं.

“दार देतो. गाडी कुटं हाय, ठोकली का?” ग्यानबा म्हणाला.

“गाडी चांगली आहे. ही काय, उभी आहे.”

“तिला तर समदे दारं हायत.”

“हे लेप लावून पाहायला पाहिजे.”

त्यानं बराच विचार केला. “आन दार लई चांगलं निघालं तर गाडी बदलता का?”

दार डिकीत मावेना. मग मागच्या सीटवर आडवं ठेवलं, खाली चादर घातली. घरी पोचलो तेव्हा सत्यभामा तुळशीपाशी दिवा लावत होती. तिनं वाकून गाडीत पाहिलं.

“ह्याचा नवस फिटलेला दिसतो,” म्हणाली आणि आत गेली.

२ मार्च, मंगळवार

दार धुतलं, पुसलं, अंगणातल्या कडुनिंबाला टेकवून उभं केलं. तोंड रस्त्याकडे, कारण दुपारचं ऊन त्याच बाजूनं येतं. खडूनं उभे पट्टे आखले. पहिल्यावर मेण, दुसऱ्यावर सीलंट, तिसऱ्यावर दोन्ही असलेलं, आणि चौथा पट्टा तसाच कोरा ठेवला, ताडून पाहायला.

मग आंघोळ करून पूजेचं ताट घेऊन बाहेर आलो. औंढ्याला गाडीला जे जे लागेल ते ते इथे लागलं पाहिजे, नाहीतर तपासाला अर्थ नाही. हळद, ओलं कुंकू, अक्षता, गुलाल, नारळाचं पाणी. प्रत्येक पट्ट्याला सारखंच लावलं. हातात ताट असल्यामुळे नकळत तोंडात मंत्र आला. तो थांबवणं बरं दिसलं नसतं, म्हणून पुरा म्हटला.

रोज सकाळी असंच करायचं आणि संध्याकाळी पाणी ओतून पाहायचं, असं ठरवलं आहे.

५ मार्च, शुक्रवार

एक घोटाळा झाला आहे.

आज सकाळी ताट घेऊन बाहेर आलो तर दारापुढे आधीच झेंडूची फुलं होती आणि उदबत्ती जळत होती. शेजारची नानीबाई हात जोडून उभी होती. तिला डोळ्यांनी कमी दिसतं, पण हळद-कुंकू लांबून दिसतं.

“नामाजी, हे कोनतं ठाणं म्हनायचं?”

“नानीबाई, हे गाडीचं दार आहे.”

“व्हय, पन देव कोनता?”

“देव नाही. मी लेप लावून पाहतो आहे.”

“मंग रोज सकाळी उघड्या अंगानं मंत्र काहून म्हनून राहिला?”

मी ताट खाली ठेवलं. तेवढ्यात तिनं आपल्या चिमटीतलं कुंकू वाहिलं. सीलंटच्या पट्ट्यावर बोट फिरवलं, ते घसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. मग तिनं कोऱ्या पट्ट्यावर लावलं, ते बसलं.

“देव ह्या अंगाला हाय,” ती म्हणाली. “त्या अंगाला कुंकू घेत न्हाई.”

म्हातारं माणूस, भोळा भाव. सीलंटवरचं कुंकू ज्या सफाईनं खाली आलं ते पाहून मला मनातून फार आनंद झाला.

सत्यभामा ओट्यावर शेंगा निवडत होती. म्हणाली, “दाराची पूजा झाली. गाडीची कवा?”

७ मार्च, रविवार

आज धुळवड. सकाळीच गाडी गोठ्यात घेतली, वर ताडपत्री बांधली. तरी जिवाला चैन पडेना, म्हणून ताडपत्रीखाली जाऊन गाडीतच बसलो. आत अंधार होता आणि उकडत होतं. नामस्मरण केलं. बाहेर पोरं ओरडत होती. एकदा कुणीतरी ताडपत्रीवर थाप मारली, तेव्हा मी आतून खाकरलो. बाहेरचा पळाला. नंतर कळलं की गावात नामाजीची गाडी आपोआप खाकरते अशी बातमी आहे.

दुपारी बाहेर आलो. गाडी पांढरी स्वच्छ. दाराला मात्र सगळ्या आळीनं रंग लावला होता, गळ्यात हार घातला होता आणि पुढे पुरणपोळीचा तुकडा ठेवला होता. हनुमान तिथं उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, “पाया पडा, पाया पडा. जागृत हाय. मागच्या सीटवर बसून आलंय वारंग्याहून.”

सत्यभामा पदरात तोंड घालून हसत होती. ती हसली की मला बरं वाटतं, पण आज ती कुणाला हसत होती ते कळलं नाही.

१० मार्च, बुधवार

निकाल लागला.

कोरा पट्टा पार गेला. घासला तरी गुलाबीच. मेणाचा पट्टा पहिले काही दिवस छान होता, पण दुपारच्या उन्हात मऊ पडला आणि कुंकू आत ओढून बसला. दोन्ही असलेल्या पट्ट्याचं ना धड इकडे ना धड तिकडे. सीलंटचा पट्टा मात्र तांब्याभर पाणी ओतलं की असा निघाला की जणू त्याला कधी कुणी हातच लावला नाही. हळद गेली, कुंकू गेलं, गुलाल गेला. धुळवडीचा रंगसुद्धा थेंब थेंब होऊन खाली आला.

मी सत्यभामेला हाताला धरून दाखवायला नेलं. तांब्या ओतला.

“पाहा. काही चिकटत नाही.”

“त्या नव्या तव्यावानी म्हना,” ती म्हणाली. “भाकर टाकली का सरकती इकडून तिकडं. काही धरतच न्हाई.”

“अगदी बरोबर.”

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, जणू मी पुढे काही बोलेन. मी पुन्हा एक तांब्या ओतला.

मग ती म्हणाली, “ऐका. शिवरात्र गेली, मी काही म्हनले न्हाई. पाडव्याला गाडी औंढ्याला न्या. कुंकू लागलं तर येताना मी तुमच्यासंगं बसून येते. न्हाई लागलं तर मी पुन्हा गाडीचं नाव काढनार न्हाई. हनुमानभावजींच्या जीपची पुढची सीट कायमची धरते. ते म्हनले, वहिनी, उशी लावून देतो.”

“पाडव्याला नक्की,” मी म्हणालो.

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती हिशेब ठरल्यासारखं बोलली.

१३ मार्च, शनिवार

दुकानात बसल्या बसल्या विचार आला. गाय, म्हैस, शेळी, सगळ्यांना देवानं कातडं दिलं, ते उन्हात भाजतं, खरचटतं आणि पुन्हा भरून येतं. माणसानं पत्रा केला, त्याला भरून यायचं देता आलं नाही. म्हणून बाटली काढली.

सत्यभामेचा गुडघाही भरून येत नाही. तिला बाटली नाही.

हा विचार इथेच सोडला, कारण गिऱ्हाईक आलं.

१६ मार्च, मंगळवार

लेप झाला. दुकान बंद ठेवलं होतं.

हरिचंदनं सांगितल्याप्रमाणे आधी गाडी धुतली, मग त्यानं दिलेली एक खास मऊ माती ओल्या पत्र्यावरून फिरवली. रंगात रुतलेले कण ती ओढून घेते. गाडीवरची माती धुऊन झाल्यावर पुन्हा विकतची माती लावताना जळबा पाहात होता. त्यानं शेळ्यांना हाक मारली आणि निघून गेला.

मग गोठ्याच्या सावलीत बारीक थर. गोल गोल फिरवायचं नाही, सरळ ओढायचं. वाळला की मऊ फडक्यानं पुसायचं. फडकं म्हणून सत्यभामेचं जुनं सुती लुगडं मागितलं. तिनं दिलं. “माझं लुगडं तरी बसलं म्हना गाडीवर,” एवढंच बोलली.

बोनेटवर एकाऐवजी दोन थर दिले, कारण कुंकू तिथेच लागणार. दुसरा देताना मन अगदी शांत होतं. एका हातानं लेप, मनात नागनाथ. दोघांचं भांडण मी मिटवलं असं वाटलं.

हरिचंदनं बजावलं आहे, निदान आठवडाभर तेलकट काही लावू नका.

१८ मार्च, गुरुवार

सेनगावच्या रस्त्यात कावळ्यानं बोनेटवर केलं. दुकानात पोचेपर्यंत वाऱ्यानंच साफ. मी गिऱ्हाइकांना बाहेर बोलावून दाखवलं. दाखवायला काही उरलं नव्हतं, हेच दाखवायचं होतं.

२१ मार्च, रविवार. पाडवा

आजचं सगळं लिहितो.

सकाळी गुढी उभारली, नैवेद्य दाखवला आणि निघालो. सत्यभामा नव्या लुगड्यात, हातात नारळाची पिशवी, हनुमानच्या जीपमध्ये पुढे बसली. उशी होती. मी मागून. जीपमध्ये गावातली आणखी माणसं होती, सगळी पूजा पाहायला म्हणून आली होती. गाडी ऊन पडलं की अशी चकाकत होती की समोरचा ट्रकवाला डोळ्यांवर हात धरत होता.

औंढ्यात देवळाच्या बाहेर नव्या गाड्यांची पूजा होते तिथे लावली. आत जाऊन दोघांनी दर्शन घेतलं. मी देवाला म्हणालो, उशीर झाला, पण तयारीनं आलो आहे.

गुरुजी वयस्कर होते, घाई नसलेले. मी त्यांना आधीच सांगितलं, “कुंकू तेलात नको, पाण्यात कालवा.”

“जसं म्हणाल तसं,” ते म्हणाले आणि बोट बुडवून बोनेटवर स्वस्तिकाची पहिली रेघ ओढली.

रेघ ओढली तशी तिचे मणी झाले. मणी जरा थांबले, एकमेकांना मिळाले आणि घरंगळत खाली नंबरप्लेटवरून जमिनीवर गेले. बोनेट पांढरं स्वच्छ.

गुरुजींनी बोटाकडे पाहिलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा ओढलं. पुन्हा मणी. त्यांनी हळद लावून पाहिली. हळदही गेली.

“तूप घ्या,” नारळवाला म्हणाला. आता माझ्या तोंडून तेलकट नको हे शब्द निघेनात. तुपातलं कुंकू थोडं थांबलं. मला वाटलं जमलं. मग बोनेटच्या गरम पत्र्यावर तूप पातळ झालं आणि तेही निघालं, हळू हळू, सगळ्यांना नीट दिसेल असं.

गुरुजींनी हात पुसले. “मी इतक्या गाड्यांना लावलं,” ते म्हणाले. “तुमची गाडी घेत नाही.”

जी गोष्ट घडवून आणायला मी इतके दिवस खपलो ती ही, हे मला तिथे त्या उन्हात कळलं. दारावर रोज सकाळी मी दुसरं काय पाहात होतो? कुंकू राहात नाही म्हणून आनंद करत होतो.

माणसं जमली. कुणी म्हणालं गाडीला काही दोष आहे, कुणी म्हणालं जुन्या मालकाचं काही असेल. मी म्हणालो, नवी आहे. तर म्हणे, मग कंपनीचं काही असेल. जवळच एस.टी.डी. बूथ होता. तिथून हरिचंदच्या दुकानात फोन लावला.

“हरिचंद, कुंकू लागून नाही राहिलं.”

“मंग,” तो खूश होऊन म्हणाला. “मी काय म्हनलो होतो?”

“ते काढायचं कसं?”

“कुंकू?”

“लेप.”

“अण्णा, लोक टिकतो का म्हनून विचारतात. काढायचं आजवर कोनी विचारलं न्हाई. आपोआप निघंल की वर्षानं.”

बाहेर आलो. सत्यभामा एका बाजूला, जीपपाशी उभी होती, पिशवी दोन्ही हातांत धरून. तिनं एका शब्दानं मला टोचलं नाही. हनुमाननं जीप चालू केली होती, त्याला परतीची माणसं न्यायची होती. तोही आज काही चेष्टा करत नव्हता.

“वहिनी,” तो हळू म्हणाला, “बसता का?”

तिनं पायरीकडे पाहिलं. पिशवी आत ठेवली. मग एक हात दांड्याला लावला आणि ओठ दाबून धरले.

मी नारळवाल्याच्या पुढ्यातून काथ्याचा एक मोठा बोळा उचलला, रस्त्याच्या कडेची मूठभर वाळू घेतली आणि बोनेट घासायला लागलो.

त्याचा आवाज मी इथे लिहीत नाही. गुरुजी मागे सरले. नारळवाला म्हणाला, “अहो, नवी हाय ना?” मी घासत राहिलो. दोन थर होते. दुसरा मी इतक्या शांत मनानं दिला होता, तो निघता निघेना. सरळ ओढायचं, गोल नाही, हेही पाळलं नाही. घाम पत्र्यावर पडत होता आणि त्याचेसुद्धा मणी होऊन घरंगळत होते. मग एकदा पडलेला थेंब पसरला. तेव्हा कळलं की लेप निघाला आणि खाली नुसता रंग लागला.

तरी हात थांबेना. बाजूला सत्यभामेचा आवाज आला.

“पुरे आता. पत्र्याला भोक पाडता का?”

ती केव्हा जवळ आली मला कळलं नाही. तिची पिशवी जीपमध्येच होती.

बोनेटच्या मधोमध तळहाताएवढी जागा झाली होती, मळकी, ओरखड्यांची, आंधळ्या आरशासारखी. गुरुजींनी वाकून पाहिलं आणि बोट बुडवलं. जागा लहान म्हणून स्वस्तिकही लहानच निघालं. सगळे वाट पाहात राहिले. ते हललं नाही.

नारळ फोडला. हनुमाननं पिशवी आणून दिली आणि उशीही. “घेऊन जा दादा,” म्हणाला, “माझ्याकडं आता कोन बसनार हाय तिच्यावर.”

सत्यभामेनं गाडीत पाय ठेवला. पायरी नाहीच म्हटल्यावर तिला क्षणभर कुठे चढायचं ते कळेना, मग ती नुसती बसली. ओठ दाबले नाहीत. बसल्यावर खाली प्लास्टिक कुरकुरलं.

“हे काहून काढलं न्हाई?”

“काढू.”

तिनं पिशवीच्या टोकानं धरून तिथल्या तिथे फाडलं.

औंढ्याहून निघालो. ती सगळं पाहात होती, जणू तो रस्ता तिनं कधी पाहिलाच नव्हता. तसा तो नव्हताच पाहिलेला, जीपमध्ये आजची सकाळ सोडली तर कायम कुणाची तरी पाठ समोर असायची. काच खाली कशी करायची विचारलं. मी दाखवलं. मग तिनं कोपर खिडकीवर ठेवलं आणि हात बाहेर दारावर सोडला. पाडव्याच्या नव्या बांगड्या होत्या, दोन्ही हातांत कोपरापर्यंत. गाडी खड्ड्यात गेली की त्या दाराच्या रंगावर आपटत होत्या. रस्ता खड्ड्यांचा आहे.

मी काही बोललो नाही. हिंगोली येईपर्यंत काही बोललो नाही. माझ्या मनानं मी फार बदललो होतो. हिंगोली ओलांडल्यावर एक मोठा खड्डा आला.

“बांगड्या जरा आत घे ना,” मी म्हणालो. “रंगाला लागतात.”

“काय होतं?” ती म्हणाली. “लेप हाय ना वरून.”